धडधाकट डुक्कर आणि न दिसणारे जंतू

डुक्कर चांगले खातेपिते, धडधाकट आहे. मग त्याच्या मांसाचे भय कसले, असे तुम्ही विचाराल. खरी गोम इथेच आहे. साल्मोनेला नावाचे जंतू डुकराच्या आतड्यात आणि घशातल्या गाठींत मुक्काम करतात, आणि जनावर आजारी दिसतही नाही.

१८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी हे जंतू डुकरांत शोधले. नाव मात्र पडले त्यांचे वरिष्ठ सॅल्मन यांचे. डुकरांच्या साथीचे मूळ हेच, अशी तेव्हा समजूत झाली. पुढे ते मूळ विषाणू निघाले. मग जंतू निर्दोष ठरले का? छे! माणसाला जुलाब, ताप, उलट्या होतात. तान्ह्या मुलांच्या आणि वृद्धांच्या तर जिवावर बेतते.

वाहतुकीच्या दगदगीने विष्ठेतून जंतू अधिक पडतात. कापताना आतडे फाटले की ते मांसाला लागतात. म्हणून डेन्मार्कने १९९५ पासून डुकरांच्या कळपांवरच नजर ठेवली.

आपल्या हाती काय? मांस आतपर्यंत शिजवा. खिम्यात वरचे जंतू आत मिसळतात, म्हणून तो मधोमध ७१ अंश सेंटिग्रेड तापला पाहिजे. कच्च्या मांसाची सुरी न धुता कोशिंबिरीला लावू नका. आणि फ्रिजवर भिस्त नको बरं का! थंडीने साल्मोनेला मरत नाही, त्याची वाढ तेवढी खुंटते. डुकराच्याच घशातला येर्सिनिया तर त्या थंडीतही वाढतो. चुलीवरचा विस्तव मात्र दोघांनाही पुरून उरतो.