ओठांच्या लालीचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने ओठांच्या रंगावर काय बोलायचे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा धरू नये. विषय सुचला तो असा.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यापुढे आमची द्वारसभा होती. पोलादपूरकडची, कंत्राटावर काम करणारी एक मुलगी ओठांना चकाकता रंग आणि त्यावर बारीक टिकल्या लावून आली. हल्ली लहानसहान कंपन्या ओठांवर चिकटवायच्या असल्या नक्ष्या विकतात. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "पोटाला कमी पडतंय, आणि ही थेरं कशाला?" ती म्हणाली, "काका, आठ तास तोंडाला फडकं बांधून असते. ते सुटल्यावर घरी जाईपर्यंतचं तोंड तरी माझं असू द्या. तुम्ही मजुरीचं बोला." सभा हसली. आम्ही मजुरीचे बोललो खरे, पण तिचे वाक्य घरापर्यंत आमच्याबरोबर आले.

अंगावर काय ल्यावे, हा प्रश्न या गावाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे जमलेल्या स्त्रियांपुढे बोलले. आखूड नेसलेले लुगडे, गळ्यातल्या जड माळा, कोपरापर्यंतची कांकणे ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांचे सांगणे होते. स्त्रियांनी नेसण्याची रीत बदलली. लेणे हे नुसते लेणे नसते. ते कोणी ठरवले, हा प्रश्न त्यात असतो. त्या मुलीने आपले लेणे आपल्या मजुरीतून, आपल्या मनाने ठरवले होते. तिचे कैवारी म्हणवणारे आम्हीच तो अधिकार काढून घेऊ पाहत होतो.

पण रंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कांडीतला रंग येण्यापूर्वी आपल्याकडे ओठ रंगत ते विड्याने. पान आणि चुना यांना लाली आणतो तो कात. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, तो काढा आटवायचा आणि निववून घट्ट करायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केले ते कातकरी. त्यांचे नावच त्या कामावरून पडले. पुढे हीच माणसे उचल घेऊन कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबू लागली. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचलीचा फास पुरता सुटलेला नाही. ओठ रंगले बैठकीतल्यांचे, हात भाजले रानातल्यांचे.

आता रंग कारखान्यातून येतो. टाटांनी १९५२ साली 'लॅक्मे' काढली, आणि देशी लाली दुकानात दिसू लागली. मेण, एरंडेल आणि रंग तापवून साच्यात ओतले की कांडी तयार. तिची चकाकी पुष्कळदा अभ्रकाची असते. झारखंडात त्या अभ्रकाचा चुरा वेचताना बायकाच नव्हे, लहान मुलेही आढळली आहेत.

१९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत १९६२ साली प्रसाधनेही आली. शिसे किंवा सोमल यांचे रंग त्यांत घालण्यास मनाई आहे. हे योग्यच झाले. लावणारीच्या ओठांची काळजी कायद्याने घेतली. पण वेचणारीच्या हातांचे काय, हे कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते.

म्हणून आमचे मागणे एवढेच. नटणाऱ्या मुलीला हिशेब विचारू नका. हिशेब विचारायचा तो विकणाऱ्याला: माल कोठून आला, कोणी केला, त्याला मजुरी काय पडली?

पुढच्या सभेत आम्ही त्या मुलीपुढे सर्वांदेखत चूक कबूल केली. ती हसली. त्या दिवशी ओठांवर टिकल्या नव्हत्या. महिनाअखेर होती.