चाळीस टक्के म्हणजे किती?



नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात जळीत वॉर्डाच्या बाहेर ज्यांनी कधी रात्र काढली आहे, त्यांना तिथला पहिला प्रश्न ठाऊक असेल. डॉक्टर दाराबाहेर आले की नातेवाईक विचारतात, "किती टक्के?" डॉक्टर आकडा सांगतात आणि तासाभरात तो गावी पोचतो. पुढे तोच आकडा पंचनाम्यात येतो, वर्तमानपत्रात येतो आणि वर्षभराने माझ्या, एका वकिलाच्या, टेबलावर येतो. भरपाईसाठी आलेली माणसं म्हणतात, "मॅडम, चाळीस टक्के जळालं होतं, तर किती मिळतील?" गेली कित्येक वर्षं या प्रश्नाचं उत्तर देताना मला आधी एक गोष्ट समजावावी लागते : तो चाळीसचा आकडा डॉक्टरांचा आहे, उपचारासाठी काढलेला. भरपाईशी त्याचं नातं फार दूरचं आहे.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण घेते. त्यांना आपण ताई म्हणू. वय तीस, शहराबाहेरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर, महिन्याचे साधारण दहा हजार. रसायनाचा भडका उडाला. दोन्ही हात, छाती, पोट आणि गळा भाजला. डॉक्टरांकडे शरीराचे भाग मोजायची नऊ-नऊची रीत आहे : डोकं आणि मान मिळून नऊ टक्के, एक हात नऊ, एक पाय अठरा, धडाची पुढची बाजू अठरा, पाठ अठरा. ताईंचे दोन हात, धडाची पुढची बाजू आणि गळा धरून आकडा चाळिसाच्या आसपास गेला. सलाइन किती लावायचं, जिवाला धोका किती, हे त्यावरून ठरतं. ही पहिली टक्केवारी.

दीड वर्षाने ताईंना अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर पंचेचाळीस टक्के होते, पण ते वेगळे पंचेचाळीस. जखम भरताना कातडी आक्रसते, बोटं तळव्याकडे ओढली जातात, हनुवटी छातीकडे खेचली जाते. सांधे किती वळतात हे मोजून ही दुसरी टक्केवारी निघते. इथे कायद्यात एक मोठी उणीव आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ॲसिड हल्ल्याच्या बळींना स्वतंत्र जागा मिळाली, हे फार चांगलं झालं. पण आगीने, वाफेने, विजेने भाजलेल्या माणसाला त्या यादीत स्वतःची जागा नाही. त्याचा चेहरा कितीही बदलला तरी प्रमाणपत्राच्या रांगेत त्याला विचारतात, कोपर किती वळतं?

तिसरी टक्केवारी कमाईची. जळालेला माणूस पूर्वीचं काम करून पूर्वीइतकं कमवू शकतो का? भरपाई ठरते ती या टक्केवारीवर. १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. शरीराच्या हिशेबाने एक हात गेला, पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची कमाई शंभर टक्के बुडाली असं धरलं. कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तर चेहऱ्याचं अतिशय गंभीर विद्रूपीकरण दोन्ही हात गमावण्याच्या बरोबरीने शंभर टक्क्यांत बसवलं आहे.  ते परिशिष्ट लिहिणाऱ्यांना कळलं होतं की ज्याच्याकडे लोक बघवत नाही म्हणून मान फिरवतात, त्याला कामावर कोणी ठेवत नाही.

या फरकाने पैशात काय होतं ते बघा. या कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराचे साठ टक्के घेऊन त्याला वयाच्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. ताईंचे दहा हजार धरले, तर सहा हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. प्रमाणपत्रावरचे पंचेचाळीस टक्के लावले, तर हीच रक्कम ५ लाख ६१ हजारांवर येते. सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी पंचेचाळीसवर बोट ठेवलं, ते त्यांचं काम. मी ताईंना साक्षीला उभं केलं आणि टेबलावर एक पाण्याची बाटली ठेवली. "झाकण उघडा," एवढंच म्हटलं. त्यांनी दोन्ही मनगटांमध्ये बाटली धरली, दातांनी झाकण फिरवायचा प्रयत्न केला. मान वर होत नव्हती, म्हणून बाटलीच खाली न्यावी लागली. न्यायाधीशांनी मध्येच थांबवलं आणि लघुलेखकाला लिहून घ्यायला सांगितलं.

आता थोडं मागे जाते, कारण ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना वाटत होतं की भरपाई मिळून चुकली आहे. वॉर्डात असतानाच ठेकेदाराचा माणूस पन्नास हजार रुपये आणि एक टाइप केलेला कागद घेऊन आला होता. 'माझी कोणतीही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही.' अंगठा उमटण्यासारखा राहिला नव्हता, तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. मी तो कागद पाहिला आहे.

इथे बसलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं सांगते. १९२३च्या या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देण्याचा असा करार रद्दबातल असतो. कलम ८ प्रमाणे मृत्यू झाला असेल, किंवा बाईला एकरकमी भरपाई द्यायची असेल, तर पैसे आयुक्तांकडे जमा करावे लागतात. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. कामगार ठेकेदाराचा असला तरी कलम १२ मूळ मालकाला सुटू देत नाही. आणि महिन्याभरात भरपाई जमा केली नाही, तर बारा टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५पासून या कायद्याची जागा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, कलमांचे आकडे बदलले, पण गाभा हाच. ज्यांचा ईएसआयचा विमा आहे त्यांना मात्र दाद तिथे मागावी लागते.

ठेकेदाराचे पन्नास हजार तर कोणालाही खटकतील. सरकारच्या मदतीबद्दल बोलणं अवघड असतं, तरी बोलते. १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं आत जळाली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख जाहीर केले. केंद्राकडून २ लाख जाहीर झाले आणि जखमींना ५० हजार. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, रविवारी सकाळी, अमरावती रस्त्यावर बाजारगावच्या कारखान्यात स्फोट झाला. नऊ कामगार गेले, त्यांत सहा बायका. पुढच्या जूनमध्ये नागपूरजवळच्या धामण्याला कारखान्यात स्फोट झाला आणि तिथे गेल्या त्या बहुतेक तरुण पोरी. दरवेळी संध्याकाळपर्यंत मदतीचा आकडा जाहीर होतो आणि लोक समजतात, झालं. ही सानुग्रह मदत आहे. सरकारने दुःखात दिलेला हात आहे, तो जरूर घ्यावा. पण भरपाई म्हणजे ज्याच्यामुळे इजा झाली त्याने चुकवायचं देणं. पहिलं घेतल्याने दुसरं संपत नाही. बसमध्ये भाजलेल्या माणसाने मोटार अपघात दावा प्राधिकरणात जायचं, आणि २०२२पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. सहा महिने म्हणजे जळालेल्या माणसाच्या दोन शस्त्रक्रियांमधलं अंतर! घरच्यांपैकी कोणीतरी हे अंगावर घ्यावंच लागतं.

मोटारीच्या कायद्यात जळिताची वाट महाराष्ट्रातल्या एका खटल्याने रुंद केली, आणि तो मला सविस्तर सांगायचा आहे. २९ ऑक्टोबर १९८७. पुणे-बंगलोर महामार्गावर, सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ, पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन आडवा झाला. पेट्रोल गळत राहिलं. कोणी पहारा बसवला नाही. उजाडलं, गावातली माणसं जमली आणि सव्वासातच्या सुमारास भडका उडाला. जमलेल्यांपैकी अनेक भाजले, काही मेले. एका मृताच्या आईने दोष न सिद्ध करता मिळणारे पंधरा हजार मागितले. त्या वेळच्या कायद्यात मृत्यूसाठी एवढेच होते. त्या पंधरा हजारांसाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समोरचं म्हणणं असं की टक्कर पहाटे झाली, आग चार तासांनी लागली. टँकर तर तेव्हा निपचित पडला होता, मग हा 'मोटारीच्या वापरातून' झालेला अपघात कसा? जमलेल्या लोकांवर पेट्रोल न्यायला आल्याचा ठपकाही आला. साताऱ्याच्या प्राधिकरणाने दावा नाकारला. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचं म्हणणं कायम केलं : वापर म्हणजे फक्त चाकं फिरणं नव्हे, पेट्रोल घेऊन निघालेलं वाहन अपघाताने आडवं पडलं तरी ते वापरातच आहे, आणि टक्कर, गळती, भडका ही एकच साखळी आहे. आज पेटत्या वाहनाच्या कुठल्याही दाव्यात आम्ही वकील कवठ्याचं नाव घेतो. त्या बाईने पंधरा हजार सोडून दिले असते, तर ही वाट उघडायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

दुसरा खटला जमशेदपूरचा, पण त्यात आपला मराठी माणूस आहे. ३ मार्च १९८९ला जमशेटजी टाटांच्या जन्मदिनाच्या सोहळ्यात शामियान्याला आग लागली. पाहुण्यांत बायका-मुलं फार होती. भरपाई ठरवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवलं. प्रश्न आला गृहिणींचा : जिला पगार नाही तिची किंमत काय? अहवालात वर्षाला बारा हजार धरले होते. २००१मध्ये न्यायालयाने ते फारच कमी ठरवले आणि चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला तीन हजार धरली. आपल्याकडे बायका भाजतात त्या बहुतेक स्वयंपाकघरात, आणि कचेरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'काही नाही' असं लिहिलेलं असतं. म्हणून हा निकाल मला मोलाचा वाटतो.

स्वयंपाकघराचं निघालंच आहे तर सिलिंडरचंही सांगते. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख; औषधपाण्यासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेला मिळून ३० लाखांपर्यंत. त्यासाठी एजन्सीला लगेच लेखी कळवावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांपैकी नऊ घरांना हे ठाऊक नसतं. विजेच्या तारेने भाजलं असेल, तर वीज कंपनीची चूक सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. धोक्याची वस्तू पुरवणाऱ्याची जबाबदारी कडक आहे, असं २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. आणि कोणी जाणूनबुजून जाळलं असेल, जसं २०२०च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर सकाळी पेट्रोल टाकून पेटवलं आणि आठवड्याने ती आपल्या नागपुरात गेली, तर आरोपीच्या शिक्षेची वाट न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. बाई असो की औद्योगिक कामगार, त्यांना तिथे वकीलही फुकट मिळतो.

कागदांबद्दल थोडंसं. भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, मग दवाखाना. हे झालं की रुग्णालयात 'मेडिको-लीगल'ची नोंद झाली का ते विचारा. घाबरून किंवा लाजेने 'स्टोव्हचा भडका' असं सांगू नका. तो पहिला शब्द वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. जळालेले कपडे फेकू नका. फोटो काढा, महिन्या-महिन्याला काढा, कारण जखम बदलत जाते आणि न्यायालयाला शेवटचीच अवस्था दिसते.

आणि आता ज्यासाठी मी आज आले, ते. जळीत रुग्णाला घरी सोडतात तेव्हा त्याचा खरा खर्च सुरू होतो. कातडीचा व्रण फुगू नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे कपडे दिवसाचे तेवीस तास, वर्ष-वर्ष घालावे लागतात. आक्रसलेली कातडी सोडवायच्या शस्त्रक्रिया पुनःपुन्हा. पण मोटार अपघातात एकदा अंतिम निवाडा झाला की पुन्हा पैसे मागायला जाता येत नाही. नागप्पा नावाच्या एका जखमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि म्हणूनच पुढच्या उपचारांचा खर्च निवाड्यातच धरायला सांगितला. तेव्हा दावा घाईने मिटवू नका. प्लास्टिक सर्जनकडून पुढच्या दहा वर्षांत काय काय करावं लागेल, हे लिहून घ्या.

ताईंकडून मला एक गोष्ट कळली. एप्रिलमध्ये त्या कचेरीत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. त्यांचं कपाळ घामाने निथळत होतं, पण हात कोरडे होते, अगदी ठणठणीत कोरडे. म्हणाल्या, "मॅडम, जळालेल्या अंगाला घामच येत नाही जी. आतून उकळते." मी डॉक्टरांना विचारलं. लावलेल्या नव्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात धडाचा पुढचा भाग आणि दोन्ही हात घामाविना! कुठल्याही परिशिष्टात याला टक्केवारी नाही.

कामगार भरपाईच्या कायद्यात उपचाराबाहेरच्या अशा खर्चाला जागा नाही, म्हणून हलगर्जीपणाच्या नुकसानीचा दावा दिवाणी न्यायालयात लावायची वाट उरते का, ते आम्ही तपासतो आहोत. ती वाट अवघड आहे, कारण कायदा दोन्हीकडे जाऊ देत नाही, निवड करावी लागते, आणि ताईंची भरपाईची सुनावणी आधीच झाली आहे. त्या मसुद्यात मी एक ओळ घातली आहे : कूलर, त्याचं पाणी आणि मार्च ते जून विजेचं बिल, हयातभर. माझ्या सहकाऱ्याने विचारलं, नागपुरात कूलर कोणाच्या घरी नसतो? मी ताईंचा हात त्याच्या हातात दिला. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर त्रेचाळीस होतं, आणि त्या हाताची कातडी तव्यासारखी तापली होती. ती ओळ मसुद्यात तशीच आहे.