जुना संगणक, घरचा टीव्ही



जळगावात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून भाषणाऐवजी कामाचंच बोलतो. धुळ्याच्या आपल्या या शाळेत सहा संगणक झाकून ठेवलेत. आतला डबा चालू आहे, गेले आहेत ते फक्त मॉनिटर. भंगारात देऊ नका. तुमच्या घरी नवा टीव्ही आला की जुना पलंगाखाली जातो, तो इकडे पाठवा.

यात नवं काही नाही. १९८२ सालचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीलाच जोडायचा असे, आणि प्रोग्राम कॅसेटवरून चढायचा! मुलं शिकलीच ना?

आधी टीव्हीची पाठ बघा. पंधरा पिनांचं व्हीजीए सॉकेट असेल तर सरळ केबल लावा, झालं. नुसतं एचडीएमआय असेल तर साधी वायर चालत नाही. व्हीजीए अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. मध्ये कन्व्हर्टर हवा. तोही 'व्हीजीए टू एचडीएमआय'. उलटा दिसायला तसाच असतो, पण काम करत नाही; दुकानदाराला दोनदा विचारा. व्हीजीएतून आवाज येत नाही, त्याची वायर वेगळी. टीव्हीवर 'नो सिग्नल' आलं तर रिमोटवर सोर्स बदला. अक्षरं कडेला कापली गेली तर पिक्चर साइज बदला, संगणकाला दोष देऊ नका.

सहा कन्व्हर्टर मी पिशवीत आणलेत. टीव्ही मात्र दोनच जमलेत. जेवण झालं की पहिला जोडू, दहावीची मुलं थांबली आहेत.