माँटेव्हिडिओचे शताब्दी क्रीडांगण

राज्यघटनेची शताब्दी राष्ट्राने कशी साजरी करावी? कोणी विजयस्तंभ उभारील, कोणी पुतळा बसवील. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या चिमुकल्या देशाने फुटबॉलचे क्रीडांगण बांधले. १८ जुलै १८३० रोजी ज्या घटनेची शपथ घेतली गेली, तिच्या शताब्दीदिनी, १८ जुलै १९३० ला, राजधानी माँटेव्हिडिओ येथे ‘एस्तादिओ सेन्तेनारिओ’चे, म्हणजे शताब्दी क्रीडांगणाचे, उद्घाटन झाले. त्या वेळी देशाची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी होती.

हुआन आन्तोनिओ स्कासो या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही काँक्रीटची वास्तू वर्षभराच्या आत उभी करावयाची होती. पहिली विश्वचषक स्पर्धा १३ जुलैला सुरू झाली, तरी काम पुरे झाले नव्हते. म्हणून आरंभीचे सामने शहरातील अन्य मैदानांवर खेळवावे लागले.

नगरातील विस्तीर्ण उद्यानात शिरणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसतो तो शंभर मीटर उंचीचा मानवंदनेचा मनोरा. पण या वास्तूचा इतिहास वाचावयाचा तो प्रेक्षकसज्ज्यांच्या नावांतून. एक सज्जा ‘कोलोंब’, दुसरा ‘अ‍ॅम्स्टरडॅम’. पॅरिसजवळच्या कोलोंबला १९२४ साली आणि अ‍ॅम्स्टरडॅमला १९२८ साली उरुग्वेने ऑलिंपिकमधील फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. परक्या भूमीवरील यशाची नावे त्यांनी घरच्या भिंतींना दिली.

क्रीडांगणाच्या पोटातच फुटबॉलचे संग्रहालय आहे. तेथील जुने गणवेश, चषक आणि छायाचित्रे पाहताना एक्तोर कास्त्रो या खेळाडूची आठवण अपरिहार्य ठरते. बालपणीच्या अपघातात त्याने उजव्या हाताचा पुढचा भाग गमावला होता. उद्घाटनाच्या सामन्यात पेरूविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात कोणाचा चेंडू वापरावा यावरूनच वाद झाला. अखेर पूर्वार्धात अर्जेंटिनाचा आणि उत्तरार्धात उरुग्वेचा चेंडू घेतला गेला. मध्यंतराला उरुग्वे १–२ असा मागे होता. सामना त्याने ४–२ असा जिंकला, आणि शेवटचा गोलही कास्त्रोचाच होता. संग्रहालयातील वस्तू निश्चल असतात. येथे मात्र चार पावले बाहेर टाकताच, त्या घटना जेथे घडल्या ते मैदानच समोर येते.

१९८३ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने या क्रीडांगणास जागतिक फुटबॉलचे ऐतिहासिक स्मारक म्हणून गौरविले. या गौरवातच एक पेच दडलेला आहे. स्मारक जपावयाचे, तर त्यास हात लावता येत नाही. क्रीडांगण चालवावयाचे, तर ते काळानुसार बदलावे लागते. विश्वचषकाच्या शताब्दीनिमित्त २०३० च्या स्पर्धेतील एक सामना येथे योजिला आहे. त्यामुळे हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. आजच्या प्रेक्षकाला सोयी हव्यात, प्रक्षेपणाला यंत्रसामग्री हवी. परंतु सारेच नवे झाले, तर शताब्दी कोणाची साजरी करावयाची?

तथापि या वास्तूचा मूळ हेतू विसरून चालणार नाही. ती केवळ दर्शनासाठी उभारलेली नव्हती. लोकांनी एकत्र यावे आणि खेळ पाहावा, यासाठी ती होती. तिचे जुने काँक्रीट जपावेच. पण सज्जे माणसांनी भरत राहिले, तरच तिच्या नावातील शताब्दीला पुढची शताब्दी जोडली जाईल.