शेवटचा शब्द कुणाचा?



पत्रिकेवर 'सीएमएस आणि अनेक स्टाइलशीट्स' हे नाव वाचून कुणी आज घरीच थांबलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या शाळेचं, पतसंस्थेचं किंवा दिवाळी अंकाचं संकेतस्थळ वर्डप्रेस या सीएमएसवर, म्हणजे मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीवर, चालतं. 'काल शीर्षक निळं होतं, आज काळं कसं झालं?' हा प्रश्न मला अशाच मंडळींकडून येतो. त्याचं उत्तर आजच्या विषयात आहे.

थोडं मागे जाऊ. होकून व्हियुम ली हे नॉर्वेजियन गृहस्थ जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत होते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी एक प्रस्ताव मांडला: पानाचा मजकूर एकीकडे ठेवा आणि त्याचं रूप ठरवणारे नियम दुसरीकडे, स्टाइलशीटमध्ये. या प्रस्तावातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे गळून पडली. प्रत्येक नियमासमोर टक्केवारी लिहायची होती! शीर्षक अमुक आकाराचं हवं, पण माझा आग्रह चाळीस टक्केच. उरलेलं वाचकाने ठरवावं. टक्के गेले, तत्त्व राहिलं. बर्ट बोस यांच्यासोबत ते काम पुढे गेलं आणि डिसेंबर १९९६मध्ये सीएसएसची, म्हणजे या नियमांच्या भाषेची, पहिली आवृत्ती अधिकृत झाली. म्हणजे एका पानाला अनेक स्टाइलशीट्स लागणार, त्या आपसांत भांडणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. 'कॅस्केड' म्हणतात ते या भांडणाचा निवाडा करण्याच्या पद्धतीला.

हा निवाडा एकदा जवळून पाहू. समजा, थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्याच्या, फाइलमध्ये लिहिलंय की 'एंट्री-कंटेंट' या क्लासच्या आतला परिच्छेद करड्या रंगाचा. तुम्हाला तो काळा हवाय. तुम्ही आपल्या फाइलमध्ये लिहिता, परिच्छेद काळा. तुमची फाइल सगळ्यात शेवटी येते, तरी पानावर करडाच दिसतो. माणूस चक्रावतो. पण ब्राउझर आधी क्रम पाहत नाही. नियमात आयडी किती, मग क्लास किती, मग साधे टॅग किती, हे तो मोजतो. थीमच्या नियमात एक क्लास आणि एक टॅग आहे, तुमच्या नियमात नुसता टॅग. आणि टॅग कितीही जोडले तरी एका क्लासवर मात करत नाहीत. बरोबरी झाली तरच 'जो शेवटी तो खरा'. पानावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. तुमच्या ओळीवर काट मारलेली दिसेल आणि जिंकलेल्या नियमाशेजारी त्याच्या फाइलचं नाव. तक्रार करण्याआधी एवढं पाहिलं तरी अर्धे फोन वाचतील.

हे न पाहता लोक काय करतात? नियमापुढे 'इम्पॉर्टंट' लिहून मोकळे होतात. मग प्लगइनवालाही तेच लिहितो. कचेरीतल्या प्रत्येक फायलीवर 'तातडीचे' असा शिक्का बसला की तातडीचं काहीच उरत नाही, तशी गत होते. वास्तविक १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत या शब्दाचं वजन मुद्दाम वाचकाच्या पारड्यात टाकलं गेलं. ज्याला कमी दिसतं त्याने आपल्या ब्राउझरमध्ये 'अक्षर मोठं, इम्पॉर्टंट' असं लिहिलं, तर पान बनवणाऱ्याचा इम्पॉर्टंट त्याच्यापुढे चालत नाही. दुर्बळ डोळ्यांसाठी ठेवलेली सोय आपण आळसासाठी वापरतो, हे मला खटकतं.

आता सीएमएसकडे येऊ. इथे स्टाइलशीट्स तुम्ही आणत नाही, त्या येतात. थीमची एक, संपर्काच्या फॉर्मची एक, छायाचित्रांच्या दालनाची एक. फॉर्म एकाच पानावर असला तरी त्याची शीट बऱ्याचदा सगळ्या पानांवर उतरते. याचा कळस ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसवाल्यांनी अनुभवला. इंटरनेट एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीपर्यंत एका पानावर जास्तीत जास्त ३१ स्टाइलशीट्स चालत. बत्तिसावी आली की ती निमूटपणे दुर्लक्षित. ना सूचना, ना तक्रार. प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे तिथलं प्लगइन, आपली शीट आणायचं, त्यामुळे ३१चा आकडा सहज ओलांडला जाई. बनवणाऱ्याच्या फायरफॉक्सवर सगळं झकास आणि ग्राहकाच्या संगणकावर पान विस्कटलेलं. शेवटी ड्रुपल ७मध्ये त्यावर आडवाटेचा उपाय घालावा लागला.

म्हणून सगळं एकाच फाइलमध्ये कोंबा, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की शीट वेगळी काढताना 'ही कोण बदलणार?' हे विचारा. थीमची शीट थीम लिहिणाऱ्याची. तिच्यात तुम्ही हात घातलात तर पुढच्या अपडेटला तुमचं काम पुसलं जाणार, आणि त्यात अपडेटचा दोष नाही. तुमचे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या तुमच्या वेगळ्या थीममध्ये, हवेत. वर्डप्रेसने ही सोय त्यासाठीच दिली आहे. 'अ‍ॅडिशनल सीएसएस'ची चौकट २०१६पासून आहे आणि ती सोयीची वाटते, कारण तिथलं लिखाण बाकीच्या शीट्सनंतर छापलं जातं. पण ते त्या थीमला बांधलेलं असतं. थीम बदलली की ते पानावर दिसेनासं होतं. दोन ओळींसाठी ठीक. संस्थेचं रूप तिथे ठेवू नये.

२०२२मध्ये प्रमुख ब्राउझरांत नियमांचे थर पाडायची सोयही आली. छान आहे, पण थराबाहेरचा नियम थरातल्या नियमाला हरवतो. म्हणजे आपण शहाण्यासारखे थरात आणि प्लगइन थराबाहेर, असं झालं तर जिंकणार प्लगइनच.

आता आपल्या भाषेपुरतं, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. वर्डप्रेसची भाषा मराठी ठेवली आणि थीमच्या फोल्डरमध्ये 'एमआर डॉट सीएसएस' नावाची फाइल टाकली, तर वर्डप्रेस ती आपणहून उचलतं. कोड लिहावा लागत नाही. चाइल्ड थीम असेल तर तिच्या फोल्डरमध्ये टाका. या फाइलमध्ये काय लिहायचं? इंग्रजी थीम अनेकदा शीर्षकांच्या अक्षरांत अंतर सोडते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, तेव्हा ते अंतर शून्य करा. ओळींची उंची वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. तिरपी अक्षरं बंद करा; बहुतेक देवनागरी फाँटांत खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर उभ्यांनाच ढकलून वाकवतो. आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदली गेली, की ज्या फाँटात सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात.

माझ्या पाहण्यातली कितीतरी मराठी संकेतस्थळं आतून 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' अशी नोंदलेली आहेत. मजकूर सगळा मराठी, पण आंधळ्या वाचकाचा स्क्रीन-रीडर तो इंग्रजी समजून वाचायला जातो. तेव्हा विनंती एवढीच: उद्या आपल्या संकेतस्थळाच्या 'सेटिंग्ज'मधलं 'जनरल' उघडा, 'साइट लँग्वेज' काय आहे ते पाहा आणि मराठी नसेल तर करून घ्या. स्टाइलशीटचं काम त्यानंतर हाती घ्या.