रोगांची नावे आणि नोंदींची देवाणघेवाण
(संस्थेच्या कुरुंदवाड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्य या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आहार, व्यायाम व स्वच्छता यांविषयी या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ सांगून झालेले आहे. म्हणून आज आम्ही जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. रोगाला नाव काय द्यावे, ते नाव कागदावर कसे उतरावे, आणि एका दवाखान्यात लिहिलेले दुसऱ्या दवाखान्यात जसेच्या तसे कसे वाचले जावे, हा तो विषय होय. विषय रूक्ष वाटेल. परंतु आपणांपैकी प्रत्येक घराशी त्याचा संबंध येतो, तेव्हा थोडा धीर धरावा ही विनंती.

‘विषमज्वर’ हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आजचा मराठी वाचक त्याचा अर्थ टायफॉइड असा करतो. सरकारी पत्रकांतही तो त्याच अर्थाने येतो. परंतु हाच शब्द घेऊन आपण एखाद्या शास्त्रोक्त वैद्याकडे गेलात, तर त्याच्या मनात वेगळेच चित्र उभे राहील. आयुर्वेदात विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले आहेत. एक दिवसाआड अथवा दोन दिवसांआड उलटणारा हा ताप आपल्या हिवतापाशी, म्हणजे मलेरियाशी, जुळतो असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शब्द एक आणि रोग दोन. उलट टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणणारी वडीलधारी माणसे आपल्या घरांत अजून आहेत, पाठ्यपुस्तके आंत्रज्वर म्हणतात आणि डॉक्टर टायफॉइड म्हणतात. येथे रोग एक आणि नावे चार! टायफॉइड दूषित पाण्याने व अन्नाने होतो, हिवताप डासाने. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही. आजीला तरुणपणी विषमज्वर झाला होता, एवढ्या एका वाक्यावरून तिला नेमके काय झाले होते हे आज कोणासही छातीठोकपणे सांगता यावयाचे नाही.

हा दोष केवळ आपल्या भाषेचा आहे असे मात्र कोणी समजू नये. टायफॉइड आणि टायफस हे दोन निराळे ताप युरोपातील वैद्यांनाही दीर्घकाळ एकच वाटत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते स्पष्टपणे वेगळे झाले. नावांतील साम्य तेवढे मागे उरले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गावाच्या अनुभवातील घेऊ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगत राहणाऱ्यांस महापुराचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालांचे पाणी आपण पाहिले आहे. पूर ओसरला की मागोमाग ताप येतात, आणि ‘कावीळ झाली’ हा शब्द घरोघर ऐकू येऊ लागतो. वस्तुतः कावीळ हा रोगच नव्हे. ते लक्षण आहे. दूषित पाण्यातून येणारी अ किंवा ई प्रकारची यकृताची सूज, रक्तावाटे येणारी ब प्रकारची सूज, पित्तनलिकेत अडकलेला खडा, आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पुराच्या पाण्यातून अंगात शिरणारा लेप्टोस्पायरोसिस, या सर्वांत डोळे पिवळे होऊ शकतात. पहिली बहुधा विश्रांतीने व पथ्याने बरी होते. शेवटच्यात वेळीच प्रतिजैविक मिळाले नाही, तर मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस दगावू शकतो. जगाने मान्य केलेल्या रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत नुसत्या काविळीला ‘आर १७’, अ प्रकारच्या यकृतशोथाला ‘बी १५’ आणि लेप्टोस्पायरोसिसला ‘ए २७’ असे निरनिराळे क्रमांक आहेत. वहीत नुसते ‘कावीळ’ लिहिले, तर पुरानंतर गावात नेमके काय पसरत आहे हे तालुक्यास कळत नाही, जिल्ह्यास कळत नाही, आणि पाण्यात क्लोरीन वाढवावे की प्रतिबंधक गोळ्या वाटाव्यात हा निर्णय अंधारात घ्यावा लागतो.

आता ही रोगसूची म्हणजे काय? आपल्या वडिलांच्या पिढीस शेर-पायलीचा घोळ चांगला ठाऊक होता. एका बाजारपेठेचा शेर दुसऱ्या बाजारपेठेत चालेलच असे नसे. त्यात आपला भाग म्हणजे संस्थानांची गोधडी; खुद्द कुरुंदवाडचीच थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थाने होती. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, आणि मग किलोग्रॅम व लिटर सर्वत्र एक झाले. नेमकी हीच उपमा इंग्लंडातील विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने १८३९ सालीच योजिली होती. भौतिकशास्त्रात वजनमापांचे जे महत्त्व, तेच मृत्यूंच्या गणनेत रोगनामांचे, असे त्याचे म्हणणे. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सर्व देशांसाठी एक नामावली करण्याचे काम अंगावर घेतले. १८९३ साली फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी मृत्युकारणांची सूची सादर केली. तिच्याच वंशातील सूची १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली. तिची अकरावी आवृत्ती २०१९ साली संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीतील अगदी पहिला क्रमांक ‘ए ००’ हा पटकीचा आहे. ज्या रोगाने आपल्याकडील गावेच्या गावे ओस पाडली, त्याला यादीत अग्रपूजेचा मान मिळावा, हा योगायोग आम्हांस चमत्कारिक वाटतो.

या सूचीचा आपल्याशी थेट संबंध मृत्यूच्या दाखल्यापाशी येतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूचे कारण डॉक्टरांनी लिहून द्यावयाचे असते. पुष्कळदा तेथे ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे’ असे लिहिलेले आढळते. आता हृदय बंद पडल्यावाचून कोण मरतो? ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. शेवटची घटना कोणती, तिच्यामागे काय, आणि मुळाशी कोणता रोग, अशी उतरंड त्या नमुन्यात मागितलेली असते. खरा उपयोग सर्वांत खालच्या ओळीचा. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू शेकडा पंचविसांहूनही कमी होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने हा दाखला निबंधकास तर द्यावयाचाच, शिवाय त्याची प्रत निकटच्या नातलगास द्यावयाची आहे. दुःखाच्या प्रसंगी कागद मागणे जड जाते. तरीही घरातील एका कर्त्या माणसाने ती प्रत मागून घ्यावी. वडील कशाने गेले हे मुलांच्या डॉक्टरास पुढे केव्हातरी विचारावेच लागते.

रोगसूची मोजणीस पुरते, रोग्याची सबंध हकीकत लिहिण्यास पुरत नाही. त्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ नावाची साडेतीन लाखांहून अधिक संकल्पनांची संज्ञावली आहे. भारत २०१४ साली तिचा सभासद झाला, आणि तिचे आपल्या देशातील काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील राष्ट्रीय केंद्र पाहते. तपासण्यांसाठी ‘लॉइंक’ नावाची निराळी सूची आहे. तिची निकड परदेशी मुले असणाऱ्या आईवडिलांना सहज पटेल. मुलगा विलायतेहून कळवितो, “बाबा, माझी उपाशीपोटी साखर सात आली.” इकडे वडील स्वतःच्या कागदावरील १२६ पाहून म्हणतात, याची तर माझ्याहून कितीतरी उत्तम! वास्तविक दोन्ही आकडे एकच साखर दाखवितात, आणि दोन्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आहेत. आपल्याकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅम मोजतात, तिकडे लिटरमागे मिलिमोल. तिकडील आकड्यास अठरांनी गुणले की आपला आकडा येतो. तीन महिन्यांच्या साखरेचेही तसेच. आपले शेकडा ७ म्हणजे तिकडचे ५३. परिमाण न लिहिलेला आकडा निरर्थक असतो.

औषधांची गोष्ट याहून नाजूक आहे. क्रोसिन आणि डोलो ही नावे दोन, आतील औषध पॅरासिटामॉल हे एकच. एका डॉक्टरांनी एक दिले, दुसऱ्यांनी दुसरे, आणि रोग्याने भक्तिभावाने दोन्ही घेतली, तर मात्रा दुप्पट होते आणि भार यकृतावर पडतो.

आता देवाणघेवाणीकडे वळू. आपला रोगी कुरुंदवाडला ताप दाखवितो, जयसिंगपूरला रक्त तपासतो, मिरजेला दाखल होतो आणि पुढे कोल्हापूर, बेळगाव किंवा पुणे गाठतो. मिरज तर डॉ. विल्यम वॅनलेस यांच्या काळापासून, म्हणजे १८९० च्या दशकापासून, दोन्ही भाषांच्या मुलखाचे रुग्णालय आहे. या सर्व प्रवासात रोग्याचा इतिहास प्लॅस्टिकच्या पिशवीतून हिंडतो. पिशवी पुरात भिजली की इतिहास संपला. मग त्याच तपासण्या, तोच खर्च, आणि ‘पूर्वी कोणते इंजेक्शन सोसले नव्हते?’ या प्रश्नास निरुत्तर नातलग. यावर उपाय म्हणून २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. त्यात ज्याला हवा त्याला चौदा अंकी आरोग्यक्रमांक मिळतो. कागद एका सरकारी कोठारात जमा होतात असा समज आहे, तो बरोबर नाही. नोंद जेथे झाली तेथेच राहते. रोग्याने संमती दिली तर, दिली तेवढीच आणि दिली तितक्याच मुदतीपुरती ती दुसऱ्या डॉक्टरास दिसते, आणि संमती मागे घेता येते. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलावयाची जी रीत यात वापरली आहे तिला ‘फायर’ म्हणतात. परंतु रीत कितीही चांगली असो, आत ‘कावीळ’ एवढेच लिहिले असेल तर पलीकडे ‘कावीळ’ एवढेच पोहोचणार.

आयुर्वेदाचे काय, असे आपणांपैकी काही जण निश्चित विचारतील. रोगांची व्यवस्थित मांडणी ही आपल्याकडे नवी नव्हे. माधवनिदान हा ग्रंथ रोगनिदानासाठीच रचला गेला आणि शेकडो वर्षे वैद्यांच्या हाती राहिला. आयुष मंत्रालयाने २०१७ साली आयुर्वेद, सिद्ध व युनानी रोगनामांस क्रमांक देणारी ‘नमस्ते’ ही सूची सुरू केली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक रोगसूचीत या पद्धतींचा स्वतंत्र विभाग दाखल झाला. आमच्या मते यातील लाभ मानाचा नसून सोयीचा आहे. वैद्याचा विषमज्वर आणि डॉक्टरांचा टायफॉइड यांस आता निरनिराळे क्रमांक मिळतात, म्हणून गोंधळ टळतो.

आता जो प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, त्याविषयी स्पष्ट बोलू. रोगाचे नाव हे केवळ नाव नसते. आपल्यासारख्या ज्ञातीत, जेथे सोयरिकी आपसांतच होतात आणि वधूवरांची यादी याच स्मरणिकेत छापली जाते, तेथे एका शब्दाने मुलीचे आयुष्य अडू शकते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार झटके हे विवाहास बाधक ठरविलेले होते; तो शब्द १९९९ साली काढून टाकण्यात आला. म्हणजे फेफऱ्याचा आजार पुष्कळ वेळा औषधाने ताब्यात राहतो हे वैद्यकास ठाऊक असूनही, कायद्यातील एका शब्दास जावयाला तेवीस वर्षे लागली. समाजाच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही. म्हणून मुली अपस्माराच्या गोळ्या लपवून घेतात, सासरी गेल्यावर गोळ्या सुटतात, आणि झटका चुलीपाशी किंवा विहिरीवर येतो.

यास्तव संस्थेने सभासदांच्या आजारांची नोंदवही ठेवावी अशी जी सूचना यंदा काही उत्साही बंधूंकडून आली आहे, तिला आमचा विरोध आहे. हेतू चांगला असेल. रक्ताच्या नात्यांत विवाह होत राहिले की काही आनुवंशिक रोग पुन्हा पुन्हा उद्भवतात हेही खरे. परंतु ती माहिती रोग्याची आहे, ज्ञातीची नव्हे. वधूवरांनी विवाहापूर्वी डॉक्टरांचा सल्ला स्वतः घ्यावा, काय सांगावयाचे ते एकमेकांस स्वतः सांगावे. चिटणिसांच्या कपाटात ते असू नये. आरोग्यक्रमांकाची संमतीही प्रत्येकाने स्वतः वाचून द्यावी. गर्दीत कोणी दूरध्वनी पुढे केला म्हणून त्यावरील बटण दाबू नये.

त्याऐवजी संस्थेने एक कोरा तक्ता छापून द्यावा, आणि तो ज्याने त्याने आपल्या घरी भरून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. जन्मपत्रिका आपण पेटीत जपून ठेवतोच, तिच्या शेजारी हा कागद सहज मावेल. त्यात रोगाचे नाव डॉक्टरांनी लिहिले असेल तसेच, त्यांच्याच शब्दांत उतरावे, आणि क्रमांक असल्यास तोही लिहावा. औषधाचे मूळ नाव, मात्रा व सुरुवातीची तारीख असावी. तपासणीचा आकडा परिमाणासह लिहावा. कोणते औषध सोसत नाही ते तांबड्या शाईने अगदी वर लिहावे. रक्तगट ऐकीव माहितीवरून लिहू नये, प्रयोगशाळेच्या कागदावरून उतरून घ्यावा. आणि या तक्त्याचे छायाचित्र परगावी राहणाऱ्या एका विश्वासू नातलगाकडे पाठवून ठेवावे, म्हणजे श्रावणात पाणी चढू लागले आणि घर सोडावे लागले, तरी मिरजेच्या डॉक्टरांना तो दाखविता येईल.