विजेचं रीळ आणि होडीतली बॅटरी

जपानच्या सागामी उपसागरात किनारा सोडला की समुद्र लगेच खोल होतो. किन्मेदाई हा लालभडक मासा तिथे 300-400 मीटरवर सापडतो. तेवढ्या खोलीतून गळाची दोरी हाताने गुंडाळून शिशाचं वजन आणि मासा वर आणताना दंड भरून येतात, म्हणून विजेवर चालणारं रीळ वापरतात. छोट्या होडीत ही वीज बॅटरीतून घ्यायची.

बॅटरी मोठी घेतली की भागलं, असं वाटतं. खरी मेख वायरमध्ये आहे. मासा ओढ देतो तेव्हा मोटर 15-20 अँपिअर प्रवाह मागू शकते. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून रीळ 3 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर. 20 अँपिअरला ही वायरच 2 व्होल्ट खाते! 12 व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज ओझ्याखाली आधीच उतरलेलं. मग रिळाचा वेग पडतो, कधी ते बंदच पडतं. वायर आखूड आणि निदान 4 चौरस मिलिमीटरची घ्या.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते, व्होल्टेजही जवळजवळ शेवटपर्यंत टिकवते. मात्र दुसऱ्या प्रकारची, 14.8 व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की 16.8 वर जाते. रिळावरची कमाल मर्यादा आधी वाचा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच हवा. बॅटरीला जोडायच्या चिमट्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, तो घासून काढा. आणि इंजिन सुरू करायच्या बॅटरीला रीळ कधीही जोडू नका. ती उतरली तर भर समुद्रात इंजिन चालू होणार नाही.